चार मित्र, एक चॅनेल आणि एडिटच्या टेबलावरची धुसफूस

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही चौघं मित्र मिळून विनोदी व्हिडिओ करतो. मी एडिट करतो, एक जण लिहितो, एक जण कॅमेरा सांभाळतो आणि चौथा जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत दिसतो. सुरुवातीला नुसती धमाल होती. आता चॅनेल जरा चालायला लागलंय, पण व्हिडिओ पूर्वीसारखे हसवत नाहीत आणि आमच्यात कुरबुरी वाढल्यात. एक जण तर सोडायचं म्हणतोय. व्हिडिओ सुधारायचे कसे आणि गट टिकवायचा कसा?"

तुम्ही हे दोन प्रश्न म्हणून विचारलंय, पण माझ्या मते प्रश्न एकच आहे. अशा गटांमध्ये मी आधी एडिटर म्हणून आणि पुढे दिग्दर्शक म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. मित्रांचे गट पैशावरून फुटतात असं सगळे म्हणतात. पैसा येतो तेव्हा फट आधीच पडलेली असते. शूटिंगला सगळे असतात, हसतात-खिदळतात, फोटो काढतात. पण व्हिडिओ विनोदी होतो तो त्याच्या आधी लिहिताना आणि त्याच्या नंतर एडिट करताना. ही दोन्ही कामं एकटा माणूस रात्री जागून करतो आणि बाकीच्यांना ती दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणून त्यांना वेळ मिळत नाही आणि व्हिडिओ ढिले पडतात. दिसत नाहीत म्हणूनच त्यांना मान मिळत नाही आणि माणसं आतल्या आत धुमसतात. तुम्ही एडिट करता म्हटल्यावर दुसरी गोष्ट मी वेगळी समजावून सांगायला नको.

आधी "पूर्वीसारखे हसवत नाहीत" याबद्दल. मित्रांच्या गटाचे पहिले काही व्हिडिओ चांगले होतातच, कारण त्यात जुना साठा असतो. वर्षानुवर्षं एकमेकांना सांगून सांगून घासलेले किस्से, नकला, एखाद्याची लकब. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा हे तोंडात बसलेलं असतं. तो साठा कधी ना कधी संपतो. मग पहिल्यांदा कोऱ्या कागदावरून विनोद उभा करायची वेळ येते, आणि ते काम पूर्ण वेगळं असतं. गट मात्र जुन्याच पद्धतीने चालू राहतो: आदल्या रात्री मेसेजवर कल्पना, सकाळी शूट. प्रतिभा आटली वगैरे काही नसतं. फक्त लिहायला वेळ ठेवलेला नसतो.

लिखाणासाठी मला माहीत असलेली सगळ्यात उपयोगी पद्धत जुनीच आहे. मॉन्टी पायथन हा ब्रिटिश गट १९६९ साली बीबीसीवर आला. सहा जण होते. क्लीज आणि चॅपमन एकत्र लिहायचे, पेलिन आणि जोन्स एकत्र लिहायचे, आयडल एकटा लिहायचा आणि गिलियम आपलं अ‍ॅनिमेशन स्वतंत्रपणे करायचा. मग सगळे बसून एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायचे. खोलीतली माणसं हसली तर ठेवायचं, नाही हसली तर बाजूला. चौघांच्या गटालाही हे जमतं. दोन पथ्यं पाळा. लिहिणाऱ्याने स्वतः वाचायचं नाही, दुसऱ्याने वाचायचं. कारण लिहिणारा आवाजाच्या जोरावर लंगडं वाक्यही पार नेतो. आणि वाचन सुरू असताना कुणी सुचवायचं नाही. फक्त ऐकायचं, आणि हसू आलं तिथे पेन्सिलीने खूण करायची. शेवटी सगळ्यांचे कागद शेजारी ठेवले की खुणा कुठे दाट आहेत आणि कुठे अख्खं पान कोरं गेलंय ते उघड दिसतं. कोऱ्या पानावरून वाद घालावा लागत नाही.

बहुतेक वेळा ते कोरं पान पहिलंच असतं. नव्या लेखकाला ओळख करून द्यायची हौस फार: हा कोण, तो कोण, कुठे भेटले, काय झालं. इंटरनेटवर बघणारा तेवढा वेळ देत नाही. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत इथे काहीतरी विचित्र चाललंय हे कळलं पाहिजे. इम्प्रोव्ह, म्हणजे मंचावर आयत्या वेळी सुचेल तसा विनोद करणारी मंडळी त्या विचित्र गोष्टीला सीनचा 'गेम' म्हणतात. गेम एकच ठेवायचा आणि तोच चढवत न्यायचा.

एक उदाहरण घेऊ, कारण पुढे एडिटच्या वेळीही ते लागणार आहे. भांडलेले दोन मित्र समेट करायला भेटलेत. एकाने माफी मागण्यासाठी स्लाइड्स करून आणल्यात. एवढाच गेम: माफी, पण ऑफिसातल्या प्रेझेंटेशनसारखी. पहिली स्लाइड, 'माफीनामा: आढावा आणि पुढील दिशा'. दुसरी, 'माझ्या चुका', त्यात एकच ओळ. तिसरी, 'तुझ्या चुका', अनुक्रमणिकेसह. चौथी, 'प्रश्नोत्तरे', आणि समोरचा खरंच हात वर करतो. हे लिहिताना कुणाला तरी सुचणारच की मध्येच शेजारी येतो, तो बहिरा असतो आणि भलतंच ऐकतो. शेजारी कितीही गमतीदार असला तरी त्याला बाहेर काढा. तो दुसऱ्या व्हिडिओचा माणूस आहे. दोन गेम एकत्र आले की बघणाऱ्याला कुठे हसायचं ते कळत नाही. चौघांच्या गटात हे हमखास होतं, कारण प्रत्येकाला आपली एक तरी गंमत आत घालायची असते. काढलेल्या गमतींची एक वही ठेवा. "टाकून दिली" पेक्षा "वहीत गेली" हे ऐकायला सोपं जातं, आणि वहीतलं पुढे खरंच कामी येतं.

शूटिंगबद्दल मी थोडक्यात आटोपते, कारण त्यावर माहितीची कमी नाही. आवाज आधी, चित्र नंतर. चित्र जरा कळकट असलं तरी लोक बघतात, संवाद ऐकू आला नाही तर दुसऱ्या व्हिडिओकडे वळतात. चांगला कॉलर माइक नसेल तर दुसरा मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून फ्रेमच्या अगदी कडेशी, बोलणाऱ्याजवळ लपवा आणि टेकच्या सुरुवातीला एकदा टाळी वाजवा. त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवता येतात. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून साउंडवाले आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवतात. हसायला येईल, पण अगदी रामबाण उपाय आहे. मोबाइलवर एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर कुणी हललं की उजेड वर-खाली होत राहतो. दिवे लुकलुकताना दिसले तर शटर विजेशी जुळवा: जिथे वीज ५० हर्ट्‌झ असते तिथे १/५० किंवा १/१०० सेकंद, जिथे ६० असते तिथे १/६० किंवा १/१२०. मोबाइल बहुतेक वेळा बदलत्या फ्रेम रेटने (सेकंदाला किती चित्रं, तो वेग) रेकॉर्ड करतो, त्यामुळे लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. फुटेज एडिटला घेण्याआधी ते स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

आणि एक गोष्ट तुमच्या कॅमेरावाल्याला माझ्याकडून बजावून सांगा. प्रत्येक सीन संपला की तिथे असलेल्या प्रत्येकाचा नुसता ऐकत असलेला चेहरा मिनिटभर घ्यायचा. संवाद नाही, अभिनय नाही, फक्त ऐकणं. शिवाय खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट, सगळ्यांनी गप्प बसून. आणि "कट" म्हणण्याआधी दोन श्वास थांबायचं, कारण शेवटच्या वाक्यानंतरचा चेहराच पुष्कळदा सीनचा खरा शेवट असतो. या तीन गोष्टी नसतील तर एडिटरचे हात बांधल्यासारखे होतात, आणि मग बाकीचे विचारतात, "अरे, सेटवर तर एवढं हसलो होतो, एडिटमध्ये काय झालं?"

काय होतं ते त्यांना एकदा शेजारी बसवून दाखवा. खरंच दाखवा. मी प्रत्येक नव्या गटाकडून हे पहिलं काम करून घेते: सगळ्यांनी एडिटरच्या मागे बसून एकाच गॅगचे, म्हणजे एकाच गमतीचे, दोन कट बघायचे.

वरचा माफीचा सीन घ्या. शूट झाल्याच्या क्रमाने लावला तर असं दिसतं: माफी मागणारा म्हणतो, "पुढची स्लाइड." स्लाइड दिसते, 'तुझ्या चुका, पान १ ते १४'. मग समोरच्याचा चेहरा. चालतं, लोक जरासं हसतात. आता क्रम उलटा करा. "पुढची स्लाइड." बटणाचा टक असा आवाज. पण स्लाइड दाखवायची नाही. समोरच्याचा चेहरा. त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात, परत डावीकडे येतात, जरा खाली जातात, पुन्हा सरकतात. तो वाचतोय आणि वाचणं संपत नाहीये. आता बघणाऱ्याला कळतं की तिथे काहीतरी भयंकर लिहिलंय. आणि मग स्लाइड. हशा दुप्पट होतो, आणि लिहिलेला शब्द एकही बदललेला नाही. यानंतर चेहऱ्यावर परत गेलात तर गंमत उतरते. त्यापेक्षा त्याच्या हाताचा शॉट घ्या: तो शांतपणे स्वतःच्या वहीचं पान उलटून लिहायला घेतो. त्याने स्लाइड मनावर घेतली आहे.

आता खरी कसरत. तो वाचणारा चेहरा किती वेळ ठेवायचा? सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. सहा फ्रेम म्हणजे साधारण पाव सेकंद. पाव सेकंद कमी ठेवला तर तो वाचतोय हे पोचत नाही. जास्त ठेवला तर बघणारा स्लाइडवर काय असेल ते आधीच ओळखतो आणि स्लाइड आली की "हां, तेच" म्हणतो. नेमकी जागा गणिताने सापडत नाही. लावून बघायचं, सहा फ्रेम काढायचे, बघायचं, तीन परत घालायचे, बघायचं. एका गॅगवर अर्धा तास सहज जातो. त्यात चेहऱ्यावर असतानाच बोलणाऱ्याचा आवाज पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, हेही ठरवावं लागतं. माझा कौल: ठेवा. "यात रागावण्यासारखं काही नाही" असं तो स्लाइड दाखवण्याआधीच म्हणताना ऐकू आला तर चेहऱ्याला आणखी धार येते.

हे शेजारी बसून पाहिलेल्या माणसाला पुन्हा "नुसतं कापून जोडायचंय, रात्रीपर्यंत दे" असं म्हणवत नाही. तीन-चार मिनिटांच्या स्केचला एक दिवस शूटिंग लागलं तर नीट एडिटला दोन-तीन दिवस लागणार, हे गटाच्या वेळापत्रकात लिहिलेलं असलं पाहिजे. दर आठवड्याला व्हिडिओ टाकायचं वचन देण्याआधी हा हिशोब मांडा. नाहीतर ते वचन चौघांनी दिलेलं असतं आणि एकटा निभावतो. तीन-चार व्हिडिओ तयार साठ्यात असल्याशिवाय वेळापत्रक जाहीरच करू नका.

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, झाला की तो शूटला नसलेल्या माणसाला दाखवा. तुम्ही चौघं आता या व्हिडिओच्या बाबतीत आंधळे आहात, कारण सेटवर काय झालं ते तुम्हाला आठवतं आणि पडद्यावर नसलेलं हसूही तुम्हाला ऐकू येतं. दाखवताना पडदा बघू नका, त्या माणसाकडे बघा. तो कुठे सरकून बसतो, कुठे मोबाइलकडे नजर टाकतो. "कसा वाटला?" विचारू नका, मित्र-नातेवाईक "छान" म्हणतात आणि त्यातून काही हाती लागत नाही. "कुठे कळलं नाही?" एवढंच विचारा. व्हिडिओ टाकल्यानंतर हेच काम यूट्यूब स्टुडिओमधला रिटेन्शनचा आलेख करतो: पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के लोक उरले, कुठे रेष घसरली, कुठे वर उसळली म्हणजे लोकांनी मागे जाऊन पुन्हा पाहिलं. त्या उसळ्या नीट बघा. माझ्या अनुभवात त्या पंचपेक्षा पंचनंतरच्या चेहऱ्यावर जास्त असतात.

कमेंटचं मात्र वेगळं आहे. कमेंट गटाने एकत्र बसून मोठ्याने वाचू नयेत असं माझं ठाम मत आहे. "तो उंच मुलगा भारी, बाकीचे भरती" अशी एक ओळ चार माणसांच्या मनात चार तऱ्हेने घर करते, आणि कुणी बोलून दाखवत नाही.

हा मुद्दा थेट तुमच्या चौथ्या मित्राशी येतो, जो प्रत्येक व्हिडिओत दिसतो. लोक त्यालाच ओळखणार. त्यात त्याचा दोष नाही, आणि ते बदलताही येणार नाही. बदलता येतं ते गटाच्या आत कोण किती महत्त्वाचं मानलं जातं ते. विनोदी जोडीत गोंधळ घालणारा लक्षात राहतो, पण हसू पिकवतो तो समोरचा गंभीर माणूस. वरच्या सीनमध्ये वाचणारा चेहरा नसता तर स्लाइडला अर्थ नव्हता. अमेरिकेत अ‍ॅबट आणि कॉस्टेलो ही जोडी गाजली. त्यात बड अ‍ॅबट गंभीर, लू कॉस्टेलो गोंधळ्या. सुरुवातीला कमाईचा ६० टक्के वाटा अ‍ॅबटचा असायचा, कारण रंगमंचावरच्या जाणत्यांच्या लेखी गंभीर माणूसच जास्त मोलाचा होता. पुढे नाव झाल्यावर कॉस्टेलोने तो हिशोब उलटा करून घेतला, आणि दोघांमधल्या कडवटपणात त्याचाही हात होता. पडद्यावर न दिसणाऱ्यांचा तर प्रश्न याहून अवघड. त्यांच्यासाठी निदान एवढं करा: व्हिडिओच्या शेवटी आणि खालच्या माहितीत प्रत्येकाचं नाव कामासकट, दर वेळी, न चुकता. कुठे मुलाखत किंवा कार्यक्रमाचं बोलावणं आलं तर दिसणारा एकटा जाणार नाही, दुसरा कुणीतरी पाळीपाळीने बरोबर जाईल.

पण धुसफुशीवरचा सगळ्यात परिणामकारक उपाय मानपानात नाही. शेवटचा शब्द कोणाचा हे आधीच ठरवण्यात आहे. मित्र असल्यामुळे "सगळे मिळून ठरवू" असं चालतं, आणि सगळे मिळून ठरवण्यात जो जास्त वेळ हट्ट धरू शकतो तो जिंकतो. त्यापेक्षा: कागदावर असताना शेवटचा शब्द लेखकाचा, सेटवर त्या दिवशीच्या दिग्दर्शकाचा (तो दर व्हिडिओला बदलला तरी हरकत नाही), आणि टेबलावर एडिटरचा. बाकीच्यांनी रफ कटवर एकदाच, लिहून, आपली मतं द्यायची. "चार मिनिटं दहा सेकंदांना मला कंटाळा आला" हे मत. "तिथे माझा क्लोज-अप टाक" ही ऑर्डर. मतं सगळी वाचायची, ऑर्डरी एकही नाही. रात्री दोनला "आणि एक छोटासा बदल" म्हणून आलेला मेसेज एडिटरने सकाळी वाचायचा.

याला अपवाद एकच, आणि त्यावर चर्चा नको. जो पडद्यावर दिसतोय त्याला स्वतःची नाचक्की वाटणारा शॉट काढून टाकायला सांगायचा हक्क आहे, आणि कारण विचारायचं नाही. मित्रांमध्ये एकमेकांची खेचताना कुठे लागतं ते ज्याचं त्यालाच कळतं. सेटवर तो हसला असेल. हजारो अनोळखी लोकांसमोर जाताना तेच वेगळं वाटू शकतं. परक्या माणसांवरचे प्रँक तर मी करूच नका म्हणेन. समोरच्याची परवानगी नंतर घेतली तरी त्याची भीती आधीच चित्रित झालेली असते, शिवाय धोकादायक प्रँकबद्दल यूट्यूबने २०१९ साली नियम आणखी स्पष्ट केले आहेत.

आता पैसे. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या बारा महिन्यांत ४,००० तासांचं बघणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर एक कोटी व्ह्यूज. मिळाल्यावर लांब व्हिडिओंच्या जाहिरात-उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा चॅनेलचा. शॉर्ट्सच्या बाबतीत चॅनेलसाठी नेमून दिलेल्या रकमेचा ४५ टक्के. हे ऐकायला बरं वाटतं, पण चौघांत वाटल्यावर बराच काळ ती रक्कम भांडण्याइतकीही नसते. म्हणूनच नियम आत्ता ठरवा. रक्कम लहान असताना सगळे उदार असतात.

सरसकट समान वाटणी मला पटत नाही. तासांवर मोजलेली वाटणीही पटत नाही, कारण सुचायला किती तास लागले हे कुणी मोजणार नाही. मी सुचवते ते असं: येणाऱ्या पैशातून आधी खर्च काढायचे, आणि एडिटिंग हा खर्च धरायचा, व्हिडिओमागे ठरलेल्या रकमेने. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं असतं तर दिलेच असते. आधी ती रक्कम तुटपुंजी असेल, तरी वहीत लिहिली जाऊ द्या. उरलेलं चौघांत समान. प्रायोजित व्हिडिओच्या बाबतीत वेगळं कलम: एकाचाही नकार असेल तर घ्यायचा नाही, आणि घेतला तर तो प्रायोजित आहे हे प्रेक्षकांना स्पष्ट सांगायचं.

हे सगळं एका पानावर लिहून चौघांनी सही करा. मित्रांमध्ये कसले करार, असं कुणीतरी म्हणेल. त्याला पुन्हा मॉन्टी पायथनचं सांगा. त्यांच्या १९७५ सालच्या चित्रपटावरून पुढे एक संगीत नाटक निघालं, आणि त्या उत्पन्नात निर्मात्याचा वाटा किती, तो सहा जणांच्या बरोबरीचा सातवा धरायचा की नाही, यावरून प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. २०१३ साली निकाल निर्मात्याच्या बाजूने लागला. पुढच्या वर्षी म्हातारे पायथन पुन्हा एकत्र मंचावर आले, त्यामागे या खटल्याचा खर्च हेही एक कारण होतं. चित्रपट करताना यातून कधी नाटक निघेल असं कुणाच्या स्वप्नातही नसणार. तुमच्या पानावरही म्हणून एक ओळ हवी: व्हिडिओतली पात्रं आणि कल्पना पुढे दुसऱ्या कुठल्या रूपात वापरल्या तर काय.

त्याच बैठकीत चॅनेलचा मालक कोण ते तपासा. दहातल्या नऊ गटांमध्ये ते कुणातरी एकाच्या खासगी ईमेलवर असतं आणि पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो. यूट्यूबच्या परवानग्यांमध्ये व्यवस्थापक, संपादक अशा वेगवेगळ्या भूमिका देता येतात. मालकाशिवाय निदान आणखी एकाला व्यवस्थापक करा, बाकीच्यांना कामापुरती परवानगी द्या, पासवर्ड वाटणं बंद. मूळ फुटेज आणि प्रोजेक्ट फाइलच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. पार्श्वसंगीत परवाना असलेलंच वापरा. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा २००७ पासून आहे, गाणं ती ओळखतेच, आणि मग त्या व्हिडिओचं उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतं. कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे दुसऱ्याचा हक्क मोडल्याबद्दल चॅनेलवर लागणारा ठपका, हे याहून गंभीर प्रकरण: ९० दिवसांत तीन लागले तर चॅनेलच बंद होऊ शकतं.

राहता राहिला तुमचा सोडू पाहणारा मित्र. तो चौघांपैकी कोण ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज विचाराल तर लेखक. आधी त्याला विचारा की त्याला काम सोडायचंय की कामाची पद्धत. स्मॉश हा गट इयन हेकॉक्स आणि अँथनी पडिला या दोन मित्रांनी २००५ साली यूट्यूबवर आणला. २०११ मध्ये तो एका कंपनीने विकत घेतला. २०१७ मध्ये पडिला बाहेर पडला, आणि सर्जनशील मोकळीक उरली नव्हती हे कारण त्याने स्वतः सांगितलं. मधल्या काळात मालक कंपनी बंद पडली, चॅनेल दुसऱ्या हातात गेलं, आणि २०२३ साली याच दोघांनी मिळून बहुसंख्य मालकी परत विकत घेतली. मित्र गेला म्हणजे मैत्री संपली असं नाही, पण जाताना दार आपटलं गेलं नाही तरच तो परत येऊ शकतो.

तेव्हा त्याच्याशी बोलायला बसाल ते कॅमेऱ्याशिवाय आणि चॅनेलच्या ग्रुपबाहेर. पद्धतच नकोशी झाली असेल तर वरच्या पानातलं काय बदललं तर तो राहील हे त्यालाच लिहू द्या. आठवड्याऐवजी महिन्याला एक स्क्रिप्ट, आणि सेटवर यायची सक्ती नाही, एवढ्यावरही माणसं राहतात. खरंच जायचं असेल तर तारीख ठरवा. जुन्या व्हिडिओंमधलं त्याचं नाव तसंच राहील आणि त्यांच्या उत्पन्नातला वाटा किती काळ मिळेल, हे लिहून द्या. त्याने घडवलेली पात्रं त्याच्या होकाराशिवाय वापरायची नाहीत. प्रेक्षकांना काय सांगायचं ती दोन वाक्यं चौघांनी मिळून लिहा आणि चौघांनी तीच सांगा. "तो का गेला" यावर वेगळा व्हिडिओ काढण्याचा मोह होईल, बघणारेही भरपूर मिळतील, तरी काढू नका. आणि चॅनेलवरची त्याची परवानगी तो शेजारी बसलेला असताना काढा, मागाहून गुपचूप नको.